वीसचे चाळीस

जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मी बरीच वर्षं पुढच्या सीटवर, म्हणजे ड्रायव्हर आणि गिअर यांच्यात जी काही जागा उरते तिथे, बसून प्रवास केला आहे. तिथून स्पीडोमीटर अगदी समोर दिसतो, आणि त्याचा काटा शून्यावर गाढ झोपलेला असतो. केबल कधीतरी तुटलेली असते. जीपचं तिच्यावाचून काही अडत नाही. वेग कळायला दुसरी साधनं आहेत. मागच्या बाकावरच्या आजीने डोळे मिटले की पन्नास, आणि तिने टपाची दांडी धरली की साठ.

म्हणून मेहुण्याने घरी बांधलेल्या गाडीला मीटर बसवायला मला रविवारी बोलावलं, तेव्हा मी जरा चकितच झालो. सासूबाईंचं मत स्वच्छ होतं. "बैल आणला तेव्हा त्याची पावलं कुणी मोजली होती?"

गाडी म्हणजे चौकोनी पाइपांचा सांगाडा. त्यात भंगारात निघालेल्या ओम्नीचं इंजिन, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि मागचा अ‍ॅक्सल. दारं नाहीत, टप नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली आणि २०२१ साली ती देशभर गाजली, तेव्हापासून मेहुण्याच्या डोक्यात हे भूत होतं. त्या जीपबद्दल आनंद महिंद्रांनी आधी म्हटलं होतं, की ती नियमात बसत नाही, आज ना उद्या कुणीतरी अडवेल. मग बदल्यात बोलेरो देऊ केली. मेहुण्याला बोलेरोची आशा नाही. त्याची गाडी अंगणातून निघते, खाचरांच्या कडेने माळापर्यंत जाते आणि परत येते. डांबराला चाक लावत नाही. अशा गाडीला वेग दाखवायचा तो कुणाला, हे मी विचारलं नाही. जावयाने काही प्रश्न गिळायचे असतात.

जुना मीटर मला फार आवडतो. १९०२ साली जर्मनीत त्याचं पेटंट घेतलं गेलं. केबल लोहचुंबक फिरवते, त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, तरी चुंबक फिरला की वाटी त्याच्यामागे ओढली जाते. एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचत राहते, आणि या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो आपला वेग. सासर, माहेर आणि सूनबाई.

नव्यात असलं काही नाट्य नाही. तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्या एका दोस्ताने मेहुण्याला प्रॉक्सिमिटी सेन्सर दिला होता. करंगळीएवढा, पितळी, आटे असलेला. तपकिरी वायर प्लस, निळी मायनस, काळीतून सिग्नल. तोंडाजवळ लोखंड आलं की शेपटीकडचा लाल दिवा लागतो. शाफ्टच्या फ्लँजला चार बोल्ट आहेत; प्रत्येक डोकं समोरून गेलं की एक टिकली. मीटरला इतकंच सांगायचं की चाकाच्या एका फेऱ्यात टिकल्या किती आणि चाक पुढे सरकतं किती.

ब्रॅकेट करताना अर्धा दिवस गेला. सेन्सर दोन मिलिमीटरच्या आत हवा, पण बोल्टला घासता कामा नये. दोन मिलिमीटर मोजायला मेहुण्याने भाकरी उलटायचं उलथनं घेतलं, ते जाड निघालं, मग जुन्या लग्नपत्रिकेची दुहेरी घडी घालून फटीत सरकवली. पत्रिका माझीच होती.

टायरवर चुन्याची रेघ मारली, गाडी एक फेरा ढकलली, टेप लावला. एक मीटर पासष्ट सेंटिमीटर. टिकल्या मोजायला मात्र कोण ढकलत बसणार, म्हणून मागचं एक चाक जॅकवर उचललं. मी हाताने चाक फिरवलं, तो खाली पाठीवर झोपून दिवा मोजत होता. "दहा, दाजी! वर एखादी असेल, सोडून द्या."

संध्याकाळी माळावर निघालो. आकडा चढत गेला. पस्तीस, अडतीस, चाळीस. मी सीटखालचा पाइप घट्ट धरला. पोटात गोळा आला. शेजारून सायकलवर चाललेला पोरगा आमच्याकडे बघून हसला आणि पुढे निघून गेला, तेव्हा मला शंका आली.

शंभर मीटर टेपने मोजले, दोन्ही टोकांना दगड ठेवले. मीटरवर चाळीस धरून गाडी नेली आणि मोबाइलवर वेळ बघितली. अठरा सेकंद. म्हणजे ताशी वीस किलोमीटर.

चूक जॅकची होती. दोन्ही चाकं जमिनीवर फिरतात तेव्हा चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे पाच फेरे होतात. एक चाक टेकलेलं आणि एकच फिरवलं तर डिफरन्शिअल अर्धी फिरकी खाऊन टाकतो, शाफ्ट अडीचच फेरे घेतो. वळणावर आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरावं म्हणून केलेली ही सोय आहे, जव्हारच्या रस्त्यांवर तिच्यावाचून जमायचं नाही. पण ती आमच्यावर उलटली. वीस टिकल्यांच्या जागी आम्ही दहा भरल्या होत्या.

मेहुण्याचा चेहरा उतरला. इकडे बोहाडा होतो, त्यात मुखवटा चढवून संबळाच्या तालावर टेंभ्यांच्या उजेडात सोंग नाचतं. मुखवटा उतरला की तोच माणूस कोपऱ्यात बसून घाम पुसत असतो. गाडी तशी दिसत होती. "राहू दे का दाजी असंच?" तो म्हणाला. "पोरांना चाळीस आवडतात." मी तत्त्वाचा माणूस. दहाचे वीस करून घेतले आणि मगच जेवलो.

दिवाळीला गेलो तर गाडीला टप आला होता. मी निवांत बसलो. मीटरवर पंधराच होते, तरी वारं कानात शिरत होतं, खाचरं सटासट मागे पडत होती, आणि सायकलवाला पोरगा या खेपेला मागेच राहिला. उतरल्यावर मेहुण्याला म्हटलं, पंधराला गाडी छान पळते हां.

"तुम्ही बसलात की मी चाळीस टिकल्या भरतो," तो म्हणाला. "ताईने सांगितलंय, तुमचं बीपी."