आठ साखळ्या तार आणि मधले बांध

हौशी रेडिओवाल्यांच्या म्हणजे हॅम मंडळींच्या जगात १६० मीटर बँडवर बोलू पाहणाऱ्या माणसाची ऐपत सातबाऱ्यावरून ठरते. पुण्याच्या सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहणाऱ्या हॅमकडे जपानी ट्रान्सीव्हर असतो, खिशात मावणारा ॲनालायझर असतो, मोर्सची चकचकीत पितळी किल्ली असते आणि तार ताणायला बारा फुटांची गॅलरी असते. त्या गॅलरीत आधीपासून धुणं वाळत असतं. शिरूर तालुक्यात मांडवगण फराट्याला चार एकर ऊस असलेल्या माणसाकडे यंत्र एकही नसतं, पण लो-बँडच्या, म्हणजे अशा कमी वारंवारतेच्या बँडांच्या, हिशेबाने सावकार तोच.

हा हिशेब फार अवघड नाही. डायपोल म्हणजे मधोमध तोडलेली सरळ तार. तिची लांबी फुटांत हवी असेल तर ४६८ ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागायचं. ४० मीटर बँडवर, ७.१ मेगाहर्ट्झला, उत्तर येतं ६६ फूट. ८० मीटरला, ३.६ मेगाहर्ट्झवर, १३० फूट. आणि १६० मीटरला, १.८२ मेगाहर्ट्झवर, २५७ फूट. आता शेतमोजणीची साखळी घ्या. ती ३३ फुटांची. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा. म्हणजे ४० मीटरचा डायपोल बरोब्बर दोन साखळ्या, ८० मीटरचा चार साखळ्यांना दोन फूट कमी, आणि १६० मीटरचा आठ साखळ्यांना सात फूट कमी. साहेबाच्या मोजणीखात्याने मार्कोनीच्या जन्माआधीच हॅमची सोय करून ठेवली होती, असं म्हणायला हरकत नाही. गावात मोजणीला गेलेला कुणी जुना माणूस असेल, तर त्याला मेगाहर्ट्झ समजावत बसू नये. ‘आठ साखळ्या तार’ म्हटलं की तो उठून कामाला लागतो.

पण आठ साखळ्या एका रेषेत मिळणं ही निराळी गोष्ट. चौकोनी एकराची बाजू साधारण २०९ फूट भरते. १६० मीटरचा डायपोल त्यात बाजूने बसत नाही, कर्णावर बसतो. कर्ण २९५ फूट. शिवाय चौकोनी एकर आता शाळेच्या गणितातच उरला आहे. घोड आणि भीमेमधल्या या पट्ट्यात वाटण्या होताना प्रत्येक भावाला विहीर हवी, रस्ता हवा, काळी माती हवी आणि थोडा मुरमाडही वाट्याला आला पाहिजे. त्यामुळे रान लांबट पट्ट्यांत चिरलं जातं. पट्टा लांबीला चांगला दहा-बारा साखळ्या, रुंदीला दीड. तार लांबीला पसरायची तर दिशा आजोबांनी ठरवलेली, आणि आडवी पसरायची तर चार चुलत्यांचे बांध ओलांडणं आलं.

समजा, हिंजवडीत नोकरी करणारा एक पुतण्या शनिवारी गावी आला आणि त्याने हा घाट घातला. गाव पहिल्या दिवशी नुसतं बघतं. दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू होते.

“ही तार कशाची रं?”

“रेडिओची, आबा.”

“लाइट सोडलीय का हिच्यात?”

“नाही, नुसती ऐकायची तार आहे. बोलायची ती पलीकडे.”

“मंग मोबाइल कशाला घेतलाय?”

मोबाइलला टॉवर लागतो, इथं आपण आणि तो माणूस यांच्यामध्ये कुणीच नसतं, हे पुतण्या मन लावून समजावतो. आबाही मन लावून ऐकतात. शेवटी विचारतात, “बरं, ब्राझीलचा मानूस सापडला. त्याला तू काय म्हंतो?”

“पाच नऊ नऊ.”

“आन् त्यो काय म्हंतो?”

“तोही पाच नऊ नऊ.”

‘तुझा आवाज उत्तम येतोय’ हे सांगायचा हा आंतरराष्ट्रीय आकडा आहे, आणि आवाज गाळात गेला असला तरी स्पर्धेत प्रत्येक जण हाच आकडा देतो, ही माहिती पुतण्या गिळून टाकतो. आबांना तेवढीही लागत नाही. एवढ्यासाठी पोरगं रात्री दोनला उठतं, हे कळल्यावर ते घरात जाऊन त्याच्या लग्नाचा विषय काढतात.

रात्री दोनला उठण्याला मात्र शास्त्राधार आहे. दिवसा आभाळात साठ ते नव्वद किलोमीटरवर ‘डी’ नावाचा थर तयार होतो आणि कमी वारंवारतेच्या लहरी खाऊन टाकतो. सूर्य बुडाला की तो विरतो, मग त्याच लहरी वरच्या थरावरून उसळून हजारो किलोमीटर जातात. सगळ्यात मजेची वेळ तिन्हीसांजेची. डिसेंबरात मांडवगणला सहाच्या सुमाराला दिवस मावळतो तेव्हा न्यूयॉर्कला नुकतं उजाडलेलं असतं. दोन्ही टोकांना अर्धवट उजेड, आणि या संधिकालाच्या पट्ट्यातून १६० मीटरचा क्षीण आवाज काही मिनिटं वर येतो. नेमकी हीच धारेची वेळ. गाय दोहायची की अमेरिका ऐकायची, असा प्रश्न जगात फार थोड्या हॅमना पडत असेल.

अँटेनाच्या उंचीचं नाव काढलं की या छंदातले शहाणे लोक उसासा टाकतात. दूरवर आवाज जायचा तर डायपोल अर्ध्या तरंगलांबीइतका वर हवा. १६० मीटरला ते होतात ऐंशी मीटर, आणि कुतुबमिनार आहे त्र्याहत्तर मीटरचा. नारळाला चाळीस फुटांवर बांधलेला डायपोल आपली ताकद सरळ आभाळात फेकतो आणि ती तीन-चारशे किलोमीटरच्या घेरात परत पडते. म्हणजे नाशिक, सोलापूर, कोल्हापूर झकास, ब्राझील नाही. पुराच्या वेळी मोबाइल बंद पडले, तर हाच बुटका डायपोल कामाचा, हे जाता जाता सांगायला हवं.

मग दूरचं बोलायचं कसं? उलट्या ‘एल’सारखी तार लावायची. पन्नास फूट सरळ वर, बाकीची ऐंशी फूट आडवी, एकूण जवळपास चार साखळ्या. दोन नारळांत हे काम होतं. इथं पुतण्याचं इंजिनीअरिंग संपून आबांचं सुरू होतं. नारळाच्या झावळ्यांवरून दोरा पलीकडे टाकायला पुतण्या ड्रोन आणतो, आणि झावळ्या ड्रोन ठेवून घेतात. आबा पाखरं हाकायची गोफण काढतात, खड्याला मासे धरायचा तंगूस बांधतात आणि एका फेकीत पलीकडे. तंगुसाला नायलॉनची दोरी, दोरीला तार. टोकाला इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, दोन भोकं पाडलेला. दोरीचं दुसरं टोक कप्पीतून काढून त्याला वाळूने भरलेला पाच लिटरचा कॅन लटकवायचा. वाऱ्यात नारळ झुलला तर कॅन खालीवर होतो, तार तुटत नाही.

अशा उभ्या तारेला जमिनीत मुळ्या लागतात, त्यांना रेडियल म्हणतात. १९३७ साली अमेरिकेत ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन या तिघांनी जमिनीत शंभराहून अधिक तारा पुरून मोजमाप केलं, तेव्हापासून १२० हा आकडा या धर्मात सोवळ्याचा झाला. चाळीस मीटरची एक, अशा १२०, म्हणजे पावणेपाच किलोमीटरवर तार. विहिरीवरच्या मोटारीची केबल जिथं रातोरात कापून नेतात, तिथं एवढं तांबं जमिनीत पुरून शांत झोपणं कुणाला शक्य आहे? चोराच्या हातून सुटलं ते रोटाव्हेटर गुंडाळून घेतो. म्हणून व्यवहारी माणूस तीसेक रेडियलवर भागवतो, आणि पाणी पिऊन असलेली काळी माती उरलेलं सांभाळून घेते. ओली, क्षारवट जमीन उभ्या अँटेनाला फार मानवते. जादा पाण्याने खारावलेल्या ज्या रानात ऊस पिवळा पडतो, तिथं सिग्नल मात्र हिरवागार उगवतो.

ऐकायची तार याच्या बरोबर उलट स्वभावाची. तिला म्हणतात बेव्हरेज, अमेरिकन इंजिनीअर हॅरल्ड बेव्हरेज यांच्या नावावरून. सात-आठ फुटांवरून जाणारी दीड-दोनशे मीटर लांब तार, आणि टोकाला साडेचारशे-पाचशे ओमचा रोध लावून ती जमिनीला टेकवलेली. रोध ज्या बाजूला, त्या दिशेचं ऐकू येतं. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन हौशी स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसनला किनाऱ्यालगतच्या शेतात तंबू ठोकून बसला होता, पावसात, थंडीत. खांबांवर सुमारे १३०० फूट बेव्हरेज ताणलेली. त्या तारेवर त्याने अटलांटिकपलीकडच्या कनेटिकटमधलं १बीसीजी हे हौशी केंद्र ऐकलं. १३०० फूट म्हणजे ३९ साखळ्या. स्कॉटलंडमध्ये बांधावरून काय बोलाचाली झाली, ते इतिहासाने नोंदवलेलं नाही.

मांडवगणहून युरोप वायव्येला. आजोबांची वाटणी उत्तर-दक्षिण असेल, तर युरोप ऐकण्यासाठी सगळ्या चुलत्यांच्या पट्ट्यांतून तिरकं जावं लागतं. शिवाय बेव्हरेजला मुरमाड, कोरडी जमीन चांगली. म्हणजे वाटणीत धाकट्याला मिळालेला आणि पंधरा वर्षं कुरकुरत सांभाळलेला माळ हीच ऐकण्याची राजधानी. ‘काका, तुमचा माळ फार मोलाचा आहे’ असं पुतण्या म्हणतो तेव्हा काका आधी सावध होतात, मग तलाठ्याकडे चौकशी करून येतात.

आणि कचरा! कानात येणारा. रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन दर सेकंदाला ‘टक्’ करतं, ते १६० मीटरवर घड्याळासारखं ऐकू येतं. स्वस्त एलईडी बल्ब गुणगुणतो. सौरपंपाचा कंट्रोलर किंचाळतो, पण तो बिचारा सूर्याबरोबर झोपतो. याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला, डॉ. गोविंद स्वरूप यांनी जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली, तेव्हा माणसांचा असा रेडिओ-गोंगाट कमी असणं हे जागा निवडण्याचं एक कारण होतं. तिथले शास्त्रज्ञ दीडशे मेगाहर्ट्झला ‘लो फ्रिक्वेन्सी’ म्हणतात. त्याची तरंगलांबी दोन मीटर. हे ऐकून १६० मीटरवाला हॅम मिशीत हसतो. त्याच्या तारेचं नुसतं शेपूट तेवढं असतं.

दोन साखळ्यांची तार लागणाऱ्या ४० मीटर बँडवरून मुंबईत एकदा सरकारला आव्हान दिलं गेलं होतं, हेही सांगायला हवं. २७ ऑगस्ट १९४२ ला उषा मेहतांचा आवाज गुप्त काँग्रेस रेडिओवरून आला तो ४२.३४ मीटरवर. म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ, आजच्या हॅमचा ४० मीटर बँडच. त्या बँडचा अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल ६६ फुटांचा. प्रक्षेपक जमवण्यात नरिमन प्रिंटर यांचा हात होता, ते स्वतः हौशी रेडिओवाले. महायुद्ध सुरू होताच हौशींचे परवाने सरकारने रद्द केले होते. पोलीस मागावर, म्हणून केंद्र एका घरातून दुसऱ्या घरात हलत राहिलं. अँटेना एकदा जमवायला काय लागतं हे ज्याने अनुभवलं आहे, त्याला या बिऱ्हाड-बदलाची खरी किंमत कळते. १२ नोव्हेंबरला धाड पडली. उषाताईंनी शिक्षा भोगली ती येरवड्याला, इथून मोटारीने दीड-दोन तासांवर.

आताच्या पुतण्यामागे पोलीस नाहीत. वय बारा पूर्ण असलं आणि दूरसंचार खात्याची परीक्षा पास झाली की परवाना मिळतो. मात्र त्याला उसाचं वेळापत्रक पाळावं लागतं, आणि ते लो-बँडशी विलक्षण जुळतं. एप्रिल-मेच्या वळवात आणि पावसाळ्यात विजांच्या कडकडाटाने १६० मीटर बँड ऐकवत नाही. तो स्वच्छ होतो थंडीत, आणि थंडीतच कारखान्यांची धुराडी पेटतात, ऊसतोड होते, आठ फूट उंचीचं जंगल जाऊन रान मोकळं पडतं. तोडीनंतर खोडव्याला पाणी सुटेपर्यंतचे दिवस बेव्हरेजचे.

तेव्हा यंदाच्या हंगामात कुणी हे करणार असेल तर त्याने एवढं करावं. तोडीची चिठ्ठी कधी येणार ते आधी विचारावं. चुलत्यांना सांगितल्याशिवाय बांध ओलांडू नये. वाटेवरून जाणारी तार उसाने भरलेली डबल ट्रॉली खालून जाईल इतकी वर घ्यावी. रात्री तार तुटली तर तुटू द्यावी. शिरूरच्या उसात बिबटे आहेत, जोडायला सकाळी जावं. आणि महावितरणच्या तारांपासून आपली तार तिच्या पूर्ण लांबीपेक्षा लांब ठेवावी, कारण ती पडताना दिशा विचारत नाही.