मिरचीचे लाड

शेतकऱ्यांची गोष्ट सोडा. आपल्याकडे घरी मिरची कुणी लावत नाही, ती येते. सुक्या मिरच्यांचे देठ काढताना बी उडतं, परसात पडतं, मोरीच्या पाण्यावर वाढतं आणि एक दिवस कुणाच्या तरी लक्षात येतं की कढीपत्त्याच्या बुडाशी मिरचीचं झाड उभं आहे. त्याला कुणी खत घातलेलं नसतं की कधी विचारपूस केलेली नसते. तेच झाड इंग्लंडच्या उत्तरेत, आमच्या लीड्सकडे, जावई होऊन राहतं. त्याला ऊब लागते, उजेड लागतो, वारा सोसत नाही. पाणी कमी झालं की ते मान टाकतं, जास्त झालं की पिवळं पडून बसतं, आणि नेमकं काय बिनसलं ते सांगत नाही.

मानपान जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू होतो. बियाण्यापासून लाल मिरचीपर्यंत पाच-सहा महिने सहज जातात आणि इथला उन्हाळा तेवढा पुरत नाही, म्हणून बाहेर दहिवर गोठलेलं असतानाच घरात पेरावं लागतं. बी नीट रुजायला वीस-पंचवीस अंशांची ऊब हवी. आमच्या घरातलं तापमान अठरा अंशांवर असतं आणि त्या बटणाकडे कुणी नुसतं पाहिलं तरी ह्यांना गॅसचं बिल दिसू लागतं. त्यामुळे बियांची रवानगी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात होते. इंग्रज माणूस तिथे टॉवेल ऊबदार ठेवतो. आमच्याकडे फेब्रुवारीत टॉवेल बाहेर आणि मिरची आत.

अंकुर दिसला की लगेच उजेडाचा प्रश्न. पुण्यात हिवाळ्यातसुद्धा दिवस अकरा तासांचा असतो. इथे डिसेंबरअखेर तो साडेसात तासांवर येतो, आणि त्यातलं ऊन किती हे ढगांनी ठरवायचं. रोपं खिडकीच्या काचेकडे झुकत, बारीक दांड्यांनी लांबच लांब वाढतात. म्हणून रोज सकाळी चहाआधी कुंड्या फिरवायच्या. मेअखेरपर्यंत रात्री दहिवर पडायची भीती, तेव्हा बाहेर न्यायचं तेही सवयीसवयीनं: दिवसा अंगणात, संध्याकाळी घरात, असं आठ-दहा दिवस. नाइटगाउनवर कोट चढवून, दोन्ही हातांत ट्रे घेऊन मी दारातून जा-ये करते तेव्हा समोरच्या घरातला पडदा किंचित हलतो.

मग फुलं येतात. मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर फळतं, पण ते पराग हलवायला वारा किंवा मधमाशी लागते, आणि बंद खिडकीच्या आत दोन्ही नाहीत. बोटानं टिचकी मारली तरी काम होतं. पण इथले हौशी लोक विजेवर चालणारा टूथब्रश फुलाच्या देठाला लावतात. त्या थरथरीनं पराग झडतात. ह्यांनी हे ऐकल्यापासून बाथरूममधला आपला ब्रश कपाटात, कुलपात ठेवायला सुरुवात केली आहे.

ही कटकट आजची नाही. जॉन जेरार्ड नावाच्या शल्यवैद्यानं १५९७ साली वनस्पतींवर एक जाडजूड ग्रंथ काढला. लंडनच्या हॉबर्नमध्ये त्याची स्वतःची बाग होती. ग्रंथात मिरचीबद्दल तो सांगतो की बी स्पेन-इटलीकडून आलं, इंग्लंडच्या बागांत झाडाला फळंही धरतात, पण ती हवी तशी लाल होत नाहीत. गेली काही वर्षं हवाच वाईट आहे, देव कधी उबदार वर्ष देतो त्याची वाट पाहतोय. (बिचारा खोटं बोलत नव्हता. त्या दशकात इंग्लंडची पिकं लागोपाठ पावसानं बुडाली होती.) पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली तीही त्याच शतकात. आपण तिच्यावर मसाल्यांचे डबे भरले, लोणची घातली, दारात लिंबाखाली टांगली. इकडे सव्वाचारशे वर्षांनंतरही सप्टेंबर उजाडला की हिरव्या मिरच्यांकडे बघत लोक आभाळाला तेच विचारतात.

सासूबाई ऑगस्टमध्ये कराडहून आल्या. खिडकीतली ओळ त्यांनी चष्मा लावून पाहिली. थंडीला त्यातल्या त्यात जुळवून घेणारी, मेणचट पिवळी हंगेरियन, बुटकी 'अपाची', आणि भारतीय दुकानातल्या सुक्या मिरचीचं बी टाकून आलेलं एक निनावी झाड. प्रत्येकाला पाच-सात मिरच्या होत्या आणि घरात कुणी त्यांना हात लावत नव्हतं.

"अगं, ह्या कशासाठी ठेवल्यात?"

"अहो आई, लाल होऊ देत ना."

त्यांनी उत्तर दिलं नाही. मी दुकानातून परत येईपर्यंत सगळ्या मिरच्या लसूण, शेंगदाणे आणि मिठाबरोबर तव्यावर गेल्या होत्या, धुराचा अलार्म केकाटत होता, आणि सासूबाई पदरानं त्याला वारा घालत होत्या. ठेचा उत्तम झाला होता. "तोडल्या तर येतात, नाहीतर झाड बसून राहतं," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच आहे: हिरव्या तोडत गेलं की झाड नवी फुलं काढत राहतं. पंधरा दिवसांत फुलं आली. सासूबाईंनी मग झाडाची दृष्ट काढायचं मनात आणलं, पण त्यासाठी लागणाऱ्या मिरच्या तर खाऊन झाल्या होत्या.

गंमत अशी की याच पावसाळी बेटावर जगातल्या जहाल मिरच्या निघतात. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञानं १९१२ साली तिखटपणा मोजायची पद्धत काढली: मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करायचा की जिभेची तक्रार थांबेल. पिझ्झावरची हालापेनो या मापात आठ हजारांच्या आत बसते. डॉर्सेटमधल्या एका जोडप्यानं बांगलादेशी लोकांच्या दुकानातून आणलेल्या नागा मिरचीचं बी निवडत निवडत जी 'डॉर्सेट नागा' काढली, ती नऊ लाखांच्या वर गेली. पुढे २०११ मध्ये कंब्रियातली 'नागा व्हायपर' जवळजवळ चौदा लाखांवर पोचून गिनेसच्या यादीत बसली. कंब्रिया म्हणजे इंग्लंडात पावसाचं माहेर. तिथे प्लास्टिकच्या बोगद्यात, जगाचा राग एकवटल्यागत, ही फळं पिकतात.

आमचे शेजारी याच पंथातले. निवृत्त गृहस्थ, काचघरात नुसत्या नागा. स्वतः ते मिरी घातलेलं सूपसुद्धा जपून पितात, पण दर शरदात कुंपणावरून कागदी पिशवी येते: "तुम्हाला चालतील!" आमच्या फ्रीझरमध्ये त्या पिशव्यांचा एक कप्पा आहे. ह्यांनी एकदा बिया काढून अर्धी मिरची आमटीत टाकली. पण तिखट बियांत नसतं, बिया ज्या पांढऱ्या गराला धरून असतात त्यात असतं. तो गर आमटीतच होता. रात्री घरातलं सगळं दही संपलं, सोलापूरकडचं रक्त वगैरे भाषा बंद झाली.

दुसऱ्या दिवशी शेजारी कुंपणाशी उभेच. कशी होती मिरची? सबंध देशाची अब्रू ह्यांच्या खांद्यावर होती. ओठ अजून सुजलेले होते, तरी ह्यांनी चेहरा स्थिर ठेवून सांगितलं, "छान. आमच्या मानानं जरा सौम्य."

शेजाऱ्यांनी खिशातून वही काढली, काहीतरी टिपून घेतलं. म्हणाले, "मग पुढच्या वर्षी तुमच्यासाठी जरा तिखटातलं काहीतरी पेरतो."