गोरा बेदाणा

द्राक्ष मनाप्रमाणे वाळू दिलं तर तपकिरी होतं. वय झालं की कांती उतरते, त्यात त्याचा काय दोष? पण आपल्याला बेदाणा हवा पिवळाधमक, मांडवात मिरवणाऱ्या नवरदेवाइतका तुकतुकीत. माझी आत्या या बाबतीत फार कडक. तपकिरी बेदाणा प्रसादाच्या शिऱ्यात मेलेल्या मुंगळ्यासारखा दिसतो, असं तिचं मत आहे आणि ते ऐकल्यावर शिरा निर्मळ मनाने खाता येत नाही.

म्हणून मग तासगावच्या शेडमध्ये, जाळ्यांच्या मजल्यांवर वाळून सुरकुतलेल्या द्राक्षांना गंधकाची धुरी देतात. चिरलेल्या सफरचंदाला तांबूस करणारं जे विकर, तेच द्राक्षातही असतं. गंधकाचा धूर त्याला गप्प बसवतो. सुरकुत्या राहतात, रंग तेवढा तरुण राहतो. असं अर्धवट तारुण्य माणसांतही दिसतं, विशेषतः लग्नसराईत.

बंद पाकिटावर मात्र हा धूर 220 असा परिरक्षकाचा आकडा होऊन बारीक अक्षरांत बसतो. सोडियम मेटाबायसल्फाइट असेल तर 223. चष्मा लावून वाचलं की उगाच धाकधूक होते. वास्तविक या धुरातून बेदाण्यात उतरणारं सल्फाइट आपलं शरीर स्वतःही रोज तयार करतं, डाळी-अंड्यांतल्या प्रथिनांपासून, आणि त्याचं निरुपद्रवी सल्फेट करायला एक विकर नेमलेलं असतं. त्या विकराला मॉलिब्डेनम लागतं. एवढ्या भारदस्त नावाचा धातू माझ्या यकृतात बसून आत्याच्या शिऱ्याचा निपटारा करतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बहुतेकांचं त्यावर भागतं. दमेकऱ्यांपैकी थोड्यांचं भागत नाही. त्यांची छाती आवळते, श्वास अडतो. अमेरिकेत हॉटेलांतली कच्ची कोशिंबीर टवटवीत दिसावी म्हणून सल्फाइट मारत. त्यापायी माणसं दगावली, तेव्हा 1986 मध्ये कच्च्या फळभाज्यांवर त्याला बंदी आली. कोथिंबिरीवर पाणी शिंपडणाऱ्या आपल्या भाजीवालीचा आदर वाटावा, अशी ही गोष्ट. सल्फाइट रोज किती खाल्लं तर चालेल, याचा आकडा वर्षानुवर्षं ठरलेला होता : वजनाच्या दर किलोमागे 0.7 मिलिग्रॅम. 2022 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तो मागे घेतला. खात्रीने सांगण्याइतकी माहितीच नाही, असं त्यांचं म्हणणं. शास्त्रज्ञांनी असं म्हटलं की मला त्यांच्याविषयी माया वाटते.

आत्याला दमा आहे. पिवळ्या बेदाण्याने तिला कधी काही झालेलं नाही, हे ती ठणकावून सांगते. तरीही यंदा सत्यनारायणाला मी बिनगंधकाचे, तपकिरी बेदाणे नेले. तिने नाक मुरडलं. मग गरम पाण्यात फुगवून ते सगळे शिऱ्याच्या पोटात दडपले आणि वर काजूंची गोरीपान रांग मांडली.

‘‘दिसायला नकोत, लागले म्हणजे झालं,’’ म्हणाली, आणि दुपारी शिरा पुन्हा मागून घेतला.