हास्यभत्ता मिळालाच पाहिजे!

लग्नसराईत साडीच्या दुकानातला सेल्समन बघा. गादीवर ढीग पडलाय. डाळिंबी झाली, मोरपंखी झाली, चिंतामणी झाली. आता हा मिशीवाला बाप्या पैठणीचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून आरशासमोर उभा आहे. वहिनी म्हणतात, "रंग हाच, पण काठ जरा बारीक नाही का?" मालक गल्ल्यावरून नुसता बघतो. सेल्समन हसतो. "जरा फिरून येतो हं," म्हणत मंडळी चपला घालतात, तेव्हाही हसतो. त्या ढिगाच्या घड्या घालतानाचा त्याचा चेहरा मात्र आपल्याला दिसत नाही. तोवर आपण समोरच्या दुकानात दुसऱ्याला हसायला लावलेलं असतं.

सरकारी नोकरीत महागाई भत्ता असतो, काही खात्यांत गणवेश धुवायचाही भत्ता असतो. पण गणवेशाच्या वरचं तोंड हसरं ठेवायला छदाम नाही. ही मजुरीच आहे, असं आर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच पुस्तक लिहून सांगितलं. त्यांनी हवाईसुंदऱ्यांबरोबर थकबाकी वसूल करणारेही अभ्यासले. एकीनं मनात नसताना गोड बोलायचं, दुसऱ्यानं मनात नसताना खेकसायचं.

केरळात कापडदुकानांतल्या बायकांना दिवसभर उभंच राहावं लागे. त्या भांडल्या, तेव्हा २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तो दिला. बूड टेकायला विधानसभा लागली, तर ओठ मिटायला संसदेचं संयुक्त अधिवेशनच लागेल. पुण्यातल्या जुन्या दुकानदारांनी हा प्रश्न कायद्याविना सोडवलाय म्हणे. पण ते पडले मालक. त्यांच्या नोकराने एकदा गिऱ्हाइकाला तसं तोडून बोलून दाखवावं!

तेव्हा माझा मसुदा असा. साधं स्मित मूळ पगारात. "यात दुसरा रंग नाही का?" पाचव्यांदा विचारलं की जादा दर सुरू. "समोर स्वस्त मिळते" याला दुप्पट. "तुमच्या मालकांना बोलवा" असं कानावर आलं की जोखीम भत्ता, शिवाय दुसऱ्या दिवशी भरपगारी सुट्टी आणि त्या दिवशी घरच्यांशीही न बोलण्याची मुभा. वसुली गिऱ्हाइकाच्या बिलातून, जीएसटी वेगळा.

मसुदा ओळखीच्या एका दुकानमालकांना दाखवला. वाचून ते पोट धरधरून हसले. एक पैसा न घेता.