लेखणी-दालनातील सेवाभाव : मावळापुरता एक अभ्यास

मुंबईच्या किंवा पुण्याच्या मॉलमध्ये महागड्या लेखण्यांचे जे दालन असते, त्यात शिरणाऱ्या ग्राहकाचे मूल्यमापन पायांपासून सुरू होऊन वर चढत जाते. आधी पादत्राणे, मग विजारीची कड, मग मनगटावरचे घड्याळ आणि वेळ उरलाच तर चेहरा, अशा क्रमाने विक्रेत्याची नजर फिरते, आणि ती गळ्यापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच त्याच्या स्मिताची लांबी ठरून गेलेली असते. बूट चकाकणारे असतील तर मखमली तबक बाहेर येते, पांढरे हातमोजे चढतात आणि पाण्याचा पेला पुढे होतो. बूट साधे असतील तर काचेआडूनच किमतीची चिठ्ठी दाखवली जाते. आणि चपला असतील तर विक्रेत्याला कपाटावरची धूळ पुसायची राहून गेल्याची एकाएकी आठवण होते. प्रस्तुत विवेचनापुरते या रीतीला 'पादत्राण-निकष' म्हणावे, म्हणजे ग्राहकाच्या ऐपतीचा अंदाज त्याच्या पायांवरून बांधणे.

हा निकष इतरत्र बरा चालत असेल. मावळच्या ग्राहकापुढे मात्र तो सपशेल आपटतो. लोणावळा, कामशेत, वडगाव आणि तळेगाव दाभाडे यांच्या परिसरात अशी दालने नाहीत, परंतु ग्राहक आहेत, आणि ते कसे निर्माण झाले याचा इतिहास सर्वश्रुत आहे. द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तळेगावात औद्योगिक वसाहत उभी राहिली, पवना धरणाच्या काठाने बंगल्यांच्या कुंपणांनी डोंगर चढायला सुरुवात केली, आणि ज्या खाचरांत पिढ्यानपिढ्या भात पिकत होता त्यांची मोजणी गुंठ्यांवरून चौरस फुटांवर आली. त्यामुळे सकाळी खाचरात उतरलेला, चपलेच्या कडेला तांबडी माती वागवणारा गृहस्थ दुपारी दालनात उभा राहतो, तेव्हा विक्रेता त्याला घड्याळाच्या पट्ट्यांचे दुकान वरच्या मजल्यावर असल्याचे सांगतो. गृहस्थाची गाडी कोणती आहे हे खाली वाहनतळावर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला ठाऊक असते. परंतु सुरक्षारक्षक आणि विक्रेता यांच्यात माहितीची देवाणघेवाण होण्याची सोय कोणत्याही नाममुद्रेने अद्याप केलेली नाही.

गैरसमज दूर झाल्यावर सेवेचा दुसरा टप्पा सुरू होतो आणि तो प्रामुख्याने अंकांचा असतो. नीब म्हणजे लेखणीची जीभ. तिच्यावर ५८५ हा अंक असल्यास ती १४ कॅरट सोन्याची आणि ७५० असल्यास १८ कॅरटची, कारण हे आकडे हजारांत किती भाग शुद्ध सोने आहे ते सांगतात. सोने मऊ असल्यामुळे कागदावर घासून ते झिजू नये म्हणून टोकाला एका कठीण मिश्रधातूचा सूक्ष्म मणी जोडलेला असतो, म्हणजेच कागदाला प्रत्यक्ष टेकणारा भाग सोन्याचा नसतो, ही गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. 'माँब्लाँ' या मूळ हँबर्गच्या नाममुद्रेच्या प्रसिद्ध लेखणीवर ४८१० हा आकडा कोरलेला असतो आणि तो आल्प्समधील त्याच नावाच्या शिखराची मीटरमधील उंची आहे. लोहगडाची उंची १०३३ मीटर आहे; ती अद्याप कोणत्याही नीबवर आलेली नाही, आणि मावळच्या ग्राहकालाही तिची उणीव भासल्याचे दिसत नाही, कारण त्याचा एकमेव प्रश्न 'रिफिल केवढ्याला पडते?' हा असतो. या प्रश्नाने विक्रेत्याच्या चेहऱ्यावर जी वेदना उमटते, ती एखाद्या गवय्याला मैफलीत तबल्याची किंमत विचारल्यावर उमटावी तशी असते.

त्यानंतर चाचणी होते. लेखणी शाईत बुडवून ग्राहकाच्या हाती दिली जाते, पुढे जाड, गुळगुळीत कागद सरकवला जातो, आणि ग्राहकाने त्यावर इंग्रजी सही करावी अशी अपेक्षा असते. मराठी माणूस मात्र नव्या लेखणीने आधी 'श्री' लिहितो. येथे एक तांत्रिक अडचण आहे. देवनागरी अक्षराचे सौंदर्य जाड-बारीक रेषांच्या खेळावर उभे असते आणि तो खेळ साधावा म्हणून बोरूचे, म्हणजे वेताच्या किंवा नळाच्या काडीपासून केलेल्या लेखणीचे, टोक तिरके कापले जात असे. गोल मण्याच्या नीबने वर, खाली, आडवी, उभी अशी सर्वत्र सारखीच रेषा येते, त्यामुळे दोन लाखांच्या लेखणीने काढलेला 'श्री' पाटीवरच्या पेन्सिलीने काढल्यासारखा दिसतो. ग्राहक मान वाकडी करून तो न्याहाळतो. विक्रेता म्हणतो, 'सर, हाताला सवय व्हावी लागते.' ज्या तालुक्यात सुदुंबरे आहे, तिथल्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागते, हे विशेष. सुदुंबऱ्यास संताजी जगनाडे यांची समाधी आहे, तुकोबांच्या मुखातून निघालेले अभंग त्यांनी उतरवून घेतले असे परंपरा सांगते, आणि त्यांच्या बोरूबरोबर कोणी हातमोजे घातल्याची नोंद मिळत नाही.

सेवेचा सर्वांत गौरवाने सांगितला जाणारा भाग म्हणजे नाव कोरून देणे. तो विनामूल्य असतो. अर्थात ज्या वस्तूच्या किमतीत एक म्हैस आणि तिचा गोठा बसतो, तिच्यासोबत मिळणाऱ्या आठ-दहा अक्षरांना विनामूल्य म्हणणे कितपत योग्य, हा हिशेबतज्ज्ञांचा प्रांत आहे. रोमन लिपीत नाव ताबडतोब कोरून मिळते. देवनागरीत हवे म्हटल्यावर विक्रेता आतल्या खोलीत जातो, बाहेर येतो, दूरध्वनी करतो, आणि 'विचारून कळवतो, सर' या वाक्यावर प्रकरण थांबते. मावळच्या इतिहासाचा विचार करता ही प्रगती उलट्या दिशेची म्हणावी लागेल. लोणावळ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूपाच्या उपासनेसाठी डोंगरात खोदलेल्या दालनात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्या दात्यांनी खांब दिले त्यांची नावे त्या त्या खांबावर ब्राह्मी लिपीत आणि लोकांच्या प्राकृत भाषेत कोरलेली आहेत. धेनुकाकट या गावचे काही दाते तर यवन होते, म्हणजे ग्रीक किंवा तत्सम परदेशी वंशाचे, आणि त्यांचीही नावे विनातक्रार स्थानिक लिपीत कोरून मिळाली. त्या काळच्या पाथरवटाने परदेशी ग्राहकाला 'विचारून कळवतो' म्हटले नाही. आता स्थानिक ग्राहकाला स्वतःचे नाव स्वतःच्या लिपीत मिळत नाही आणि तो 'असू द्या, इंग्रजीत घाला' म्हणून मोकळा होतो. त्याच चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा लेख आहे, आणि आपण पूर्ण केलेले हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचा दावा त्यात केलेला आहे. महागड्या वस्तूच्या जाहिरातीची भाषा मावळात किती जुनी आहे, हे यावरून समजते; फरक एवढाच की भूतपालाचा माल अजून जागेवर उभा आहे.

लेखणी विकताना भावना विकण्याची कला कुठवर जाऊ शकते, याचे उदाहरण २००९ मध्ये मिळाले. गांधी जयंतीच्या सुमारास याच 'माँब्लाँ'ने महात्मा गांधींच्या नावाने एक मर्यादित आवृत्ती काढली. दांडीयात्रेच्या २४१ मैलांची आठवण म्हणून २४१ नग, सूतकताईची आठवण म्हणून भोवती गुंडाळलेली सोन्याची तार, नीबवर काठी घेतलेले गांधीजी आणि किंमत अकरा लाखांहून अधिक. केरळात प्रकरण न्यायालयात गेले, राष्ट्रीय मानचिन्हे व नावे यांचा गैरवापर रोखणाऱ्या १९५० च्या कायद्याचा आधार घेतला गेला, आणि २०१० मध्ये भारतातील विक्री थांबवावी लागली. ज्यांच्या नावाने ही लेखणी निघाली, त्या गृहस्थांनी १९३५ मध्ये वर्ध्याहून राजमहेंद्रीच्या रत्नम् यांना त्यांच्या स्वदेशी फाउंटन पेनाबद्दल समाधानाचे पत्र धाडले होते. विदेशी लेखणीला पर्याय म्हणून ते पेन त्यांना पसंत पडले होते. दालनातील माहितीपत्रकात अशा पत्राला जागा नसते, कारण तिथे इतिहास नेहमी आल्प्सच्या बाजूने उतरतो. तळेगावात १९०८ मध्ये माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंडाने काचेचा कारखाना उभा केला. एक पैसा देणाऱ्यालाही त्यात आपला वाटा आहे असे वाटे. अकरा लाख देणाऱ्याला आज फक्त प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर तो २४१ पैकी कितवा आहे ते छापलेले असते.

पैसे देण्याची वेळ आली की सेवेला पुन्हा एक वळण लागते. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे, आणि जमिनीच्या व्यवहारातून आलेल्या ग्राहकाचा रोखीवरील विश्वास कायद्यापेक्षा जुना आहे. पिशवीकडे गेलेला त्याचा हात पाहून व्यवस्थापक स्वतः बाहेर येतो, अत्यंत आदराने पॅन कार्ड मागतो, आणि ज्या ग्राहकाला अर्ध्या तासापूर्वी घड्याळाच्या पट्ट्यांकडे पाठवले होते त्याला आता खुर्ची दिली जाते.

खरेदीनंतरचे प्रश्न मावळच्या भूगोलातून उद्भवतात आणि त्यांच्यावर दालनांतून फारसा विचार झालेला नाही. पहिला प्रश्न घाटाचा. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत गाडी थोड्या वेळात सुमारे पाचशे मीटर चढते, बाहेरील हवेचा दाब कमी होतो, आणि अर्धवट भरलेल्या लेखणीच्या पोटातील हवा प्रसरण पावून शाईला बाहेर ढकलते. पेन घाटात ओकते, असे साध्या भाषेत म्हणता येईल. शाई पूर्ण भरावी किंवा नीब वर ठेवावी, हा त्यावरील उपाय आहे. परंतु तो विक्रीच्या वेळी न सांगता, खिशावर निळा नकाशा उमटल्यानंतर 'सर, हे नॉर्मल आहे' या शब्दांत सांगण्याची प्रथा आहे. दुसरा प्रश्न पावसाचा. आषाढात लोणावळ्यात मीठ पाझरते, पापड वाकतात आणि कागद सर्द होतो. अशा कागदावर शाई फुटते, म्हणजे रेषेच्या दोन्ही कडांनी तंतूंत पसरत जाते आणि अक्षराला मिशा फुटतात. दालनातील वातानुकूलित हवेत जाड कागदावर घेतलेल्या चाचणीत यातले काहीच दिसत नाही. या बाबतीत लोणावळ्याचा चिक्कीवाला अधिक प्रामाणिक ठरतो, कारण तो ग्राहकाच्या पायांकडे न बघता त्याच्या तळहातावर तुकडा ठेवतो, आणि तुकडा त्याच पावसाळी हवेत खाल्ला जातो.

विक्रीपश्चात सेवा, म्हणजे माल विकल्यानंतरही विक्रेत्याने त्याची जबाबदारी घेणे, या कल्पनेची मावळातील परीक्षा जुनी आहे. जानेवारी १७७९ मध्ये बोरघाट चढून आलेली मुंबईकर इंग्रजांची फौज तळेगावाहून मागे फिरली, वडगावात कोंडली गेली, आणि तिच्या प्रतिनिधींनी मराठ्यांशी केलेल्या तहावर सह्या केल्या. सह्या करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असे वरिष्ठांनी नंतर कळवले आणि तह नाकारला. आजच्या दालनांतूनही तक्रार घेऊन गेलेल्या ग्राहकाला नेमके हेच उत्तर मिळते : इथे विकण्याचा अधिकार आहे, दुरुस्तीचा नाही, लेखणी परदेशी पाठवावी लागेल. ज्या पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायत स्थापन झाली, तिथल्या पेठांत जुने पेनवाले ग्राहकाला बाकावर बसवून, एक शब्द गोड न बोलता, पाच मिनिटांत नीब बदलून देत. त्यांना सेवा येत नव्हती. दुरुस्ती येत होती.

अखेर लेखणी वापरली जाते ती वडगावच्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या परिसरात, खरेदीखताच्या प्रत्येक पानावर सही करताना. दस्ताचा कागद पातळ, हवा ओली आणि सही लांब, त्यामुळे दुसऱ्याच पानावर दस्तलेखक, म्हणजे दस्त तयार करून देणारा माणूस, हात आडवा घालतो : 'दादा, शाईचं नको, फुटतंय. हे घ्या.' मग सुतळीने टेबलाला बांधलेले बॉलपेन पुढे येते आणि उरलेल्या सर्व सह्या त्यानेच होतात. शिवाय यंत्रावर अंगठा द्यावा लागतो तो वेगळाच. मोकळी झालेली दोन लाखांची लेखणी मालकाच्या हातात तशीच राहते आणि शेजारचा साक्षीदार 'जरा पेन द्या' म्हणतो. मावळी शहाणपणानुसार पेन परत यावे म्हणून टोपण स्वतःकडे ठेवून पेन दिले जाते. साक्षीदार कार्बनखालच्या तीन प्रती उमटवायच्या सवयीने जोर देऊन नाव लिहितो, नीबच्या दोन्ही पाकळ्या फाकतात आणि जिल्ह्याच्या नावावर शाईचे तळे साचते. दालनातून यथावकाश उत्तर येते की हमी केवळ उत्पादनातील दोषांना लागू असून परक्या हाताच्या दाबाला लागू नाही, नीबचा खर्च कळवण्यात येईल, आणि टोपण पूर्णपणे शाबूत असल्यामुळे त्याला विनामूल्य चकाकी देता येईल.