भुताला सगळं माफ

देव आहे की नाही, यावर आमच्या सोसायटीच्या कट्ट्याचं अजून एकमत व्हायचंय. अण्णा नाईक मात्र आहेत, याबद्दल कुणालाच शंका नाही. 'रात्रीस खेळ चाले' ही त्यांची मालिका संपून वर्षं लोटली, तरी कुणीतरी मोबाइलवर जुना भाग बघून येतं आणि अख्खा कट्टा पुन्हा अण्णांच्या आकेरीच्या वाड्यात शिरतो.

बँकेतून निवृत्त झालेल्या काकांची तक्रार विजेची. "भूत आलं, मान्य. पण एवढ्या मोठ्या वाड्यात मिणमिणता एकच दिवा? एक ट्यूब लावायला काय होतं?" तळमजल्यावरच्या वहिनींचा आक्षेप वेगळा. मालिकेतली शेवंता मेली, भूत झाली, लोकांच्या मानगुटीवर बसली, इथवर सगळं त्यांना पटतं. "पण रोज साडी वेगळी! मेल्यावर इस्त्री कुठे करते ती?"

आमच्याकडे भुताच्या अस्तित्वाचा पुरावा कुणी मागत नाही. पुरावे मागायचे ते जिवंत माणसांकडे. सून मध्यरात्री विहिरीवर कशाला गेली? आवाज आला तर दार उघडायची गरज काय होती? मेलेल्यांना सगळं माफ.

अण्णांचा हिशेब तर भलताच गुंतागुंतीचा. 2016 च्या पहिल्या पर्वात ते सुरुवातीलाच वारले. 2019 च्या दुसऱ्यात आधीची गोष्ट आली, म्हणून धडधाकट जिवंत. 2021 च्या तिसऱ्यात भूत होऊन हजर. काका म्हणाले, "खातं बंद झाल्यावर इतके व्यवहार मी बँकेतसुद्धा पाहिले नाहीत." त्या तिसऱ्या पर्वाचं चित्रीकरण कोरोनाच्या निर्बंधांत थांबलं आणि अण्णा काही महिने दिसेनासे झाले. मंत्र-तंत्राला न जुमानणारं भूत संचारबंदीला वचकलं, याचा कट्ट्याला कोण अभिमान!

पुढे शेवंताची अभिनेत्री बदलली. अपूर्वा नेमळेकरांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या आणि कट्ट्यावर सुतक पडलं. आत्मा जुनं शरीर टाकून नवं घेतो, हे गीतेत वाचून माना डोलावणारी हीच मंडळी. इथे आत्म्यानं खरोखरच शरीर बदललं, तर म्हणतात, "छे, ती मजा नाही!"

मालिकेनं आम्हाला मालवणीही शिकवली. म्हणजे एकच शब्द, त्यातल्या पांडूचा 'इसारलंय', अर्थात विसरलो. मेंटेनन्स थकवणारे दोन सभासद तेवढ्यावर वर्षभर निभावून नेतात.

कट्ट्यावर अस्सल मालवणी एकच, दुसऱ्या मजल्यावरचे कुडाळचे गाववाले. ते सांगतात, मालिका सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गात काहींनी अंधश्रद्धा पसरते, कोकणाची बदनामी होते म्हणून आवाज उठवला होता. आता मुंबईचे पाहुणे उतरले की आधी अण्णांचा वाडा दाखवा म्हणतात, सावंतवाडीचा राजवाडा राहिला बाजूला. माजघरात कुणी सेल्फी काढतं, कुणी अण्णांसारखं खेकसून बघतं. ज्या घरात भूत आहे म्हणून गावानं एरवी पाऊल टाकलं नसतं, तिथे भुतापायी गर्दी.

परवा रात्री वाद रंगात आला होता. मेल्यानंतरही जो घर सोडत नाही, त्याला घालवायचं कसं? वहिनी म्हणाल्या नारळ, काका म्हणाले दहावा नीट घाला. गाववाले इतका वेळ विडी ओढत गप्प होते. ते म्हणाले, "भुताचा काय घेवन बसलात? माझो आजो मरान चाळीस वर्सां झाली. सातबाऱ्यावरसून अजून हलना नाय."

कट्टा एकदम शांत झाला. रातकिड्यांचा आवाज ऐकू यायला लागला. थोड्या वेळानं काका खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या चिपळूणच्या घरावर अजून पणजोबा आहेत."

वहिनींनी पदर अंगाभोवती लपेटून घेतला.

"अहो," त्या म्हणाल्या, "कुणीतरी ट्यूब लावा."