पांगुळगाडा पाठव, वॉकर नको

मिसिसागा, ऑन्टारिओ

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी नात खुशाल आहे. सोफ्याला धरून उभी राहते, हे तू फोनवर पाहिलंसच. ते पाहून बाबूकाकांनी त्याच संध्याकाळी बाजारातून वॉकर आणला आणि तो मामाच्या बॅगेतून इकडे येणार आहे, असं आज ताईकडून कळलं. मधे बाळ बसवायचं, पुढे हॉर्न, तोच ना? आई, तेवढं थांबव. कॅनडात २००४ पासून वॉकरला बंदी आहे. विकायला बंदी, आणायला बंदी, जाहिरातीला बंदी, आणि जुना झाला म्हणून शेजाऱ्याला फुकट द्यायलाही बंदी. मामा नुसत्या लोणच्याच्या बरणीपायी विमानतळावर घामाघूम होतो. त्याच्याच्याने तस्करी व्हायची नाही.

आप्पा म्हणतील, एवढ्याशा गाडीचं सरकारला काय पडलंय? तर वॉकरमध्ये पोर उभं नसतं, टांगलेलं असतं. चवड्यांनी रेटत सुटतं आणि एका सेकंदात तीन फुटांहून पुढे जाऊ शकतं. इथल्या घरांत बेसमेंटचा जिना स्वयंपाकघराला लागून. उकळतं दूध उतरवून मागे वळेपर्यंत स्वारी शेवटच्या पायरीवर! बरं, त्यानं मूल लवकर चालतं म्हणावं, तर तेही नाही. स्वतःची पावलं दिसत नाहीत, तोल सांभाळावा लागत नाही, मग शिकायचं काय?

पांगुळगाड्याचं तसं नाही. उभं आपणच राहायचं, ढकलायचं आपणच आणि पडलंच तर ढुंगणावर. इथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना मी चितारआळीतल्या गाड्याचा फोटो दाखवला. त्यांनी मान डोलावली. हे आप्पांना सांगू नकोस, नाहीतर 'आपल्याकडे सगळं आधीपासून होतंच' हे व्याख्यान जेवण होईपर्यंत चालेल.

सगळं होतं ते सगळंच चालतं असंही नाही म्हणा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटा भाग सव्वा इंच रुंदीच्या नळकांड्यात मावला, तर ते खेळणं बाद. घरी हीच परीक्षा टॉयलेट पेपर संपल्यावर उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीने घेतात. ती थोडी जास्तच रुंद असते, म्हणजे परीक्षक अधिकच कडक. (ती आमच्याकडे कशी, हे आप्पांनी विचारू नये.) तुझी सून ती नळी हातात धरून घरभर फिरते. सागरगोटे नापास. भातुकलीतला तांब्या नापास. मनगट्यांचे काळे मणीसुद्धा नापास, म्हणून त्या उष्टावणाच्या फोटोपुरत्या घातल्या आणि लगेच काढल्या. तुला वाईट वाटेल म्हणून तेव्हा बोललो नाही. दृष्ट इथे थंडीनेच लागत नाही असं समज.

बाकी इथे खेळण्यांच्या खोक्यांवर महिने छापलेले असतात. पहिल्या तीन महिन्यांसाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कार्डं, कारण तान्ह्या बाळाला आठ ते बारा इंचांवरचंच त्यातल्या त्यात नीट दिसतं आणि ठळक कडा आवडतात. कार्डं आम्ही आणली. ती टक लावून बघायची आपल्या आईचं कपाळ आणि केस जिथे मिळतात तिथे. माझ्या डोक्यावरची ती सीमारेषा बरीच मागे हटली असल्यामुळे माझी ओळख पटायला जरा उशीर झाला.

पाळण्यावर टांगायचं चक्रही आणलं होतं. त्यातले हत्ती-जिराफ उभ्या माणसाला छान दिसतात. खाली निजलेल्या गिऱ्हाइकाला नुसती पोटं! मग ते काढून तू दिलेलं चिमणाळं लावलं. त्याच्या चिमण्या खालूनही चिमण्याच दिसतात. पण ती हातांवर रेटून उठू लागली तसं तेही उतरवलं, कारण दोरी हाती लागली की गळ्यात जायला वेळ लागत नाही.

सध्या मुख्य खेळ म्हणजे उंच खुर्चीतून चमचा खाली टाकणे. वस्तू डोळ्याआड गेली तरी ती असतेच, हे या वयात उमजू लागतं. प्याजे नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने हे आपल्याच मुलांकडे बघून मांडलं. त्यांच्या घरी चमचे उचलायला कोण वाकायचं कोण जाणे. आमच्या घरी मी वाकतो. चमचा वर आला की ती तपासून घेते आणि पुन्हा टाकते. तू फोनवर पदराआडून 'बुवा कुक' करतेस ना, ते याच इयत्तेतलं. ते चालू ठेव, त्यात माझी कंबर वाचते.

तर गाड्याचं. सुताराला सांग, तळ जड हवा, नाहीतर गाडा पुढे आणि पोर मागे पालथं. चाकं जराशी घट्टच ठेव म्हणावं, आमची जमीन गुळगुळीत लाकडाची आहे. मूठ साधारण दीड फुटावर. खिळ्याचं टोक कुठेही वर नको. रंग अजिबात देऊ नका. ती आधी चाटते आणि मग खेळते, आणि रंगात शिसं असलं तर काय घ्या. चाकं सुटी करून दिलीत तर मामाच्या बॅगेत बसेल, लोणच्यालाही जागा राहील.

आप्पांना सा. न.

तुझा,
बाळू

ता. क. दुकानदार वॉकर परत घेत नसेल तर हॉर्न आप्पांना दे आणि वॉकरात कांदे-बटाटे ठेव. शेजारच्यांच्या नातवाला मात्र देऊ नका. त्यांच्या ओटीलाही पायऱ्या आहेत.